निर्णय पुढे ढकलण्याचे पाच डॉलर

अवघड परीक्षा नुकतीच संपली आहे, जीव अगदी थकून गेलाय. अशात हवाई बेटांवरच्या पाच दिवसांच्या सहलीची फार स्वस्त ऑफर आली आहे. ऑफर उद्या संपते, निकाल मात्र परवा. सहल घ्याल, नाही म्हणाल, की परत न मिळणारे पाच डॉलर भरून निर्णय परवावर टाकाल?

एमॉस ट्वर्स्की आणि एल्डार शफीर या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांपुढे हा काल्पनिक प्रसंग ठेवला. १९९२ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा ६१ टक्के विद्यार्थी पाच डॉलर भरून थांबायला तयार होते. निकाल बघून ठरवू, यात वावगं काय?

मेख पुढे आहे. दुसऱ्या एका गटाला ‘तुम्ही पास झालात’ असं सांगितलं होतं. त्यातल्या ५४ टक्क्यांनी सहल घेतली. तिसऱ्या गटाला नापास झाल्याचं सांगितलं; तिथे ५७ टक्क्यांनी. म्हणजे निकाल कोणताही लागो, निम्म्याहून जास्त जण जाणारच. निकाल माहीत नसताना मात्र लगेच सहल घेणारे फक्त ३२ टक्के. पास झालो तर आनंद साजरा करायला जायचं, नापास झालो तर मन रमवायला. निकालाने फक्त कारण बदलतं, आणि हाताशी एक नक्की कारण असल्याशिवाय पाऊल उचलवत नाही, असं संशोधकांचं म्हणणं. मला तर हे पाच डॉलर माहितीपेक्षा निमित्तासाठी मोजलेले वाटतात.

डॅन अ‍ॅरिएली आणि जीवूंग शिन यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तर खरे पैसे पणाला होते. संगणकाच्या पडद्यावर तीन दरवाजे, खेळाडूकडे ठरावीक क्लिक. खोलीत शिरून केलेल्या प्रत्येक क्लिकला थोडे सेंट मिळत. खोली बदलायची तर एक क्लिक फुकट जाई. मग त्यांनी नियम बदलला: ज्या दरवाजाकडे लक्ष नाही तो आकसत जाणार आणि शेवटी नाहीसा होणार. झालं! खेळाडूंची धावपळ सुरू झाली, नको असलेले दरवाजेही जिवंत ठेवण्यात क्लिक आणि पैसे जाऊ लागले. कशात किती मिळतं याची कल्पना दिली तरी फरक पडला नाही. नाहीसा झालेला दरवाजा हवा तेव्हा पुन्हा उघडता येईल, अशी सोय केली तरी तीच गत. नंतर उपयोगी पडेल हा हिशोब असता, तर या सोयीने धावपळ थांबायला हवी होती. डोळ्यांदेखत काही हातचं जातंय, हेच सहन होत नसावं. (अ‍ॅरिएली सहलेखक असलेला अप्रामाणिकपणावरचा एक शोधनिबंध २०२१ मध्ये मागे घेतला गेला. तो वेगळा, पण नाव आलंच आहे तर सांगितलेलं बरं.)

पर्याय हातात राहिला की माणूस निदान समाधानी तरी असतो का? डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट यांनी २००२ च्या अभ्यासात हार्वर्डच्या विद्यार्थ्यांना स्वतः काढलेल्या दोन फोटोंपैकी एकच ठेवायला सांगितला. काहींना पुढचे काही दिवस फोटो बदलून घेण्याची मुभा होती, काहींची निवड तिथेच कायम. नंतर विचारलं, तर कायमची निवड केलेल्यांना आपला फोटो जास्त आवडत होता. मुभा असलेले मात्र ‘दुसराच घ्यायला हवा होता का’ या विचारात अडकलेले असावेत. आणि तरीही, आधीच विचारलं की लोक मुभाच मागतात.