अभिकल्प-संशोधन : इंदूर

वास्तू, वस्ती किंवा वापराची वस्तू घडवण्यापूर्वी जागेची, सामग्रीची आणि वापरणाऱ्यांच्या रीतीभातींची पद्धतशीर पाहणी करणे, ती मोजून नोंदवणे आणि रचना उभी राहिल्यावर तिची पुन्हा तपासणी करणे, यास अभिकल्प-संशोधन म्हणतात. प्रस्तुत नोंद इंदूर शहरातील वास्तुरचना व नगररचना यांपुरती मर्यादित आहे. होळकरांच्या या राजधानीत, पुढे गिरण्यांच्या व व्यापाराच्या शहरात, सुमारे शंभर वर्षांत पायी पाहणी, परदेशी साहित्याची आयात, नकाशावर नकाशा ठेवून केलेली तुलना, झोपडवस्त्यांची मोजणी आणि संगणकीय तपासणी अशा परस्परांहून बऱ्याच भिन्न पद्धती राबवल्या गेल्या. साधने बदलली की रचना बदलते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. इंदूरच्या बाबतीत ते अर्धेच खरे दिसते. साधन जुनेच असताना काय मोजायचे हे बदलले, त्या वेळी झालेले फेरफार येथे अधिक खोलवर गेले आहेत.

गेडिस यांची पाहणी : पॅट्रिक गेडिस (1854–1932) हे मूळचे स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ. 1914 मध्ये ते हिंदुस्थानात आले व पुढील काही वर्षांत त्यांनी येथील अनेक शहरांसाठी अहवाल लिहिले. त्यांपैकी इंदूर दरबाराला सादर केलेला व 1918 मध्ये दोन खंडांत छापलेला अहवाल विशेष विस्तृत आहे. त्या काळची रूढ रीत अशी, की दाट वस्तीच्या नकाशावर सरळ रेघ मारायची आणि तिच्यात येणारी घरे पाडून हवा खेळती करायची. गेडिस यांनी आधी निदान, मग उपचार हा वैद्यकातील क्रम नगररचनेत आणला. आळ्यांतून पायी हिंडावे. कोणते घर पडके, कोणते दुरुस्त होण्याजोगे, विहीर व झाड कोठे, पावसाचे पाणी कोठे तुंबते हे पाहावे. आणि मगच गल्ली रुंद करायची की नाही ते ठरवावे. एखादे पडके घर काढून तेवढाच चौक मोकळा ठेवला, तर अख्खी आळी पाडण्याचे कारण उरत नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा होय. हाताशी साधने होती ती मोजणीची साखळी आणि फलक-मोजणी (तिपाईवरील फळ्यावर जागच्या जागी नकाशा काढण्याची रीत) यांवर बेतलेल्या नकाशांची. म्हणजे रेघ मारणाऱ्या अभियंत्याकडे होती तीच.

अहवालात खान (कान्ह) व सरस्वती या नद्यांना मोठे स्थान आहे. भुयारी गटारांच्या खर्चिक योजनेवर गेडिस यांनी आक्षेप घेतला आणि मैला व सांडपाणी बागांकडे वळवण्याची सूचना केली. (1924 पासून ॲल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदुरातच कंपोस्ट खताची सुप्रसिद्ध ‘इंदूर पद्धत’ विकसित केली. दोहोंचा थेट संबंध जोडण्याचा मोह होतो, तो आवरलेला बरा.) दुसऱ्या खंडात प्रस्तावित विद्यापीठाचीही चर्चा येते.

गेडिस यांना दिवाळीच्या वेळी एक दिवसाचे ‘महाराज’ करण्यात आले, ही हकीकत शहरात अजून सांगितली जाते. प्लेगची धास्ती होती. मिरवणुकीचा नेहमीचा मार्ग सोडून, ज्या आळ्यांनी घरे झाडून-सारवून दुरुस्त केली त्यांतून ती नेण्याचे ठरले. प्लेगच्या उंदराची व घाणीच्या राक्षसाची चित्रे तीत होती आणि शेवटी ती जाळण्यात आली. हे वर्णन मुख्यतः गेडिस यांच्या चाहत्या चरित्रकारांकडून आलेले असल्याने त्यातील गाडाभर कचऱ्याचे आकडे जपून घ्यावेत. अहवालाचे प्रकाशनवर्ष लक्षात घेता मिरवणूक 1917 च्या दिवाळीत निघाली असावी. गेडिस यांना ‘इंदूरचे नगररचनाकार’ म्हणण्याचा प्रघात मात्र सैल आहे. त्यांच्या सूचनांपैकी मोजक्याच प्रत्यक्षात आल्या. टिकली ती पद्धत, आणि तीही मधली काही दशके विस्मरणात गेली.

माणिकबाग : यशवंतराव होळकर दुसरे (1908–61) यांच्यासाठी एकार्ट मुथेसियस (1904–89) या जर्मन वास्तुशिल्पज्ञाने 1930–33 च्या सुमारास सजवलेला हा राजवाडा आधुनिक अभिकल्पाच्या इतिहासात वारंवार उल्लेखिला जातो. क्रोम, ॲल्युमिनियम, काच व कातडे यांचे फर्निचर, आयलीन ग्रे यांची आरामखुर्ची, रूल्मान यांचे लेखन-मेज, इव्हान दा सिल्व्हा ब्रून्स यांचे गालिचे अशी सामग्री युरोपातून आली. तिला सरसकट ‘बाउहाउस’ (जर्मनीतील आधुनिक अभिकल्पाची शाळा) म्हटले जाते. पण मुथेसियस त्या शाळेचे विद्यार्थी नव्हते आणि खुद्द सामग्रीही बरीचशी पॅरिसमधील होती. यातील महत्त्वाच्या वस्तूंचा 1980 मध्ये माँटे कार्लो येथे लिलाव झाला. इमारतीत पुढे केंद्रीय कर-खात्याचे कार्यालय आले. नवे तंत्र व नवे साहित्य यांचा हा देखणा दाखला असला, तरी शहराच्या पाहणीशी त्याचा संबंध नव्हता आणि शहराच्या बांधकामावर त्याची छाप क्वचितच दिसते.

याच सुमारास, 1927 मध्ये, दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी इंदुरात चित्रशाळा सुरू केली. नारायण श्रीधर बेंद्रे आणि विष्णू चिंचाळकर हे तिचे विद्यार्थी. उघड्यावर बसून रस्ते, घाट व घरे रंगवण्याचा येथील परिपाठ हाही पाहणीचाच एक प्रकार होय. मात्र वास्तुरचनेच्या इतिहासांत त्याची दखल घेतली जात नाही.

नाले आणि नकाशे : 1980 नंतरच्या दशकाच्या अखेरीस हिमांशु पारीख या अभियंत्याच्या योजनेने ब्रिटिश सरकारच्या अर्थसाहाय्यावर इंदूर विकास प्राधिकरणाने 180 च्या आसपास झोपडवस्त्यांत गटारे, रस्ते, दिवे इत्यादी सोयी करण्याचा प्रकल्प हाती घेतला. तिच्या मुळाशी असलेली कल्पना साधी आहे. झोपडवस्त्यांचा नकाशा शहरातील नैसर्गिक ओढ्या-नाल्यांच्या नकाशावर ठेवून पाहिला, तेव्हा बहुसंख्य वस्त्या नाल्यांच्या काठी आढळल्या. यात नवल नाही. पुराच्या व दलदलीच्या जागेवर दुसऱ्या कोणाचा डोळा नसतो. पण सांडपाणी पंपाविना, केवळ उताराने वाहायचे तर गटाराची मुख्य वाहिनीही जमिनीच्या सर्वांत खोल रेषेने, म्हणजे नाल्याच्या काठानेच न्यावी लागते. तेव्हा झोपडवस्ती ही शहराच्या सांडपाण्याची अडचण नसून त्याचा मार्ग आहे, असा निष्कर्ष निघाला. गटारांच्या वाहिन्यांसाठी जमीन संपादण्याचा व खोल खोदाईचा खर्च त्यामुळे वाचतो, असे गणित होते. रस्ते भोवतालच्या जमिनीपेक्षा किंचित खाली ठेवून पावसाचे पाणी त्यांवरूनच वाहून न्यायचे, हीही त्यातलीच युक्ती.

या प्रकल्पास 1998 मध्ये आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. त्याच्या यशाविषयी मात्र एकमत नाही. पुरस्काराच्या आधारे लिहिणारे त्यास आदर्श ठरवतात. उलटपक्षी, प्रत्यक्ष वस्त्यांत जाऊन केलेल्या पुढच्या मूल्यमापनांत घरजोडण्या अपेक्षेपेक्षा कमी झाल्याचे, वाहिन्या तुंबल्याचे व शेवटच्या शुद्धीकरणाची साखळी अपुरी राहिल्याचे दाखवले गेले. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. पण त्यामुळे मूळ निरीक्षण खोटे ठरत नाही: अभिकल्प बरोबर असूनही त्याची देखभाल कोणी करायची हे ठरले नसेल, तर वाहिनी गाळाने भरतेच. इंदूरला 2021 मध्ये केंद्र सरकारचे ‘वॉटर प्लस’ (सांडपाण्याच्या व्यवस्थेबद्दलचे) प्रमाणपत्र मिळाले, त्यापूर्वी नद्या-नाल्यांत सुटणारी सांडपाण्याची मुखे शोधून बंद करण्याची मोहीम झाली. तिच्यात नाल्यांचे नकाशे पुन्हा कामी आले.

अरण्य वसाहत : शहराच्या मध्यापासून सुमारे 6 किमी. अंतरावर, आग्रा–मुंबई रस्त्याजवळ, सुमारे 85 हेक्टर जागेवर आखलेली ही वसाहत वास्तुशिल्पज्ञ बाळकृष्ण दोशी (1927–2023) यांच्या अहमदाबादेतील वास्तुशिल्प फाउंडेशनचे काम होय. मूळचे पुण्याचे असलेले दोशी यांना 2018 मध्ये वास्तुकलेतील प्रिट्झकर पुरस्कार मिळाला. अरण्यला त्यापूर्वीच 1995 मध्ये आगाखान पुरस्कार मिळाला होता. एकूण सुमारे 6,500 भूखंड होते. लोकसंख्येचे आकडे मात्र 60,000 ते 80,000 असे वेगवेगळे आढळतात. ते बहुधा अपेक्षित लोकसंख्येचे आहेत, मोजलेल्या लोकसंख्येचे नव्हेत. सर्वांत गरीब गटासाठी सुमारे 35 चौ. मी. चा भूखंड असून त्यावर जोते, मोरी-संडास आणि फार तर एक खोली एवढेच बांधून द्यायचे, बाकीचे घर कुटुंबाने आपल्या ऐपतीप्रमाणे वाढवायचे, अशी योजना होती. रस्त्याकडेचे मोठे भूखंड बाजारभावाने विकून या भागाचा खर्च हलका करण्यात आला. कसे वाढवावे हे दाखवण्यासाठी 80 नमुना घरे बांधली गेली.

अरण्यचा आराखडा पाहणीतून निघाला की पाहणी त्याच्या समर्थनार्थ झाली, हा प्रश्न उरतोच. माँट्रिऑलच्या मॅकगिल विद्यापीठातील अल्पखर्ची गृहनिर्माण गटाने वास्तुशिल्प फाउंडेशनबरोबर इंदूरच्या काही अनधिकृत वस्त्यांची पाहणी केली व तिचा अहवाल 1984 मध्ये निघाला. वसाहतीची आखणी मात्र 1983 च्या सुमारास सुरू झाली होती. म्हणजे दोन्ही कामे निदान काही काळ बरोबरीने चालली असली पाहिजेत, आणि ‘आधी पाहणी, मग आखणी’ असे जे सुबक चित्र पुढच्या लेखनात रंगवले जाते ते तंतोतंत खरे नसावे. शिवाय बडोद्याजवळील खत कारखान्याची वसाहत, अहमदाबादेतील आयुर्विमा महामंडळाची घरे अशा दोशींच्या आधीच्या कामांतही जिने, गच्च्या व वाढत जाणारे घर हे विषय आले होते. तरीही पाहणीचे श्रेय कमी होत नाही, कारण तिने काय मोजले हे वेगळे होते.

तत्कालीन गृहनिर्माणाचे नियम घराच्या आतले क्षेत्रफळ मोजत. या पाहणीने घराबाहेरचे मोजले: ओट्याची उंची व खोली, गल्ली कोठे फुगते व कोठे आवळते, झाड कोणाच्या दारात, किराणा दुकान किती घरांमागे एक, कोणती कामे दाराबाहेर चालतात. हातभर ओटा हा घराचा नुसता उंबरठा नसून दुपारची निवडटिपण, शिवणाचे मशीन, म्हाताऱ्यांची बैठक आणि कधीकधी सगळे दुकान त्यावर चालते, ही गोष्ट माळव्यात किंवा महाराष्ट्रात राहणाऱ्याला नवी नाही. नवे हे, की ती प्रमाणबद्ध रेखाचित्रात आली आणि म्हणून अभियंत्यांच्या बैठकीत मांडता आली. अरण्यमध्ये भूखंड आणि रस्ता यांमध्ये ओट्याला जागा ठेवली गेली, ती या पुराव्याच्या बळावर. हे सारे काम फीत, कागद व पेन्सिल यांनी झाले. पुढे भूखंड हस्तांतरित होत गेले, अनेक नमुना घरे ओळखू न येण्याइतकी बदलली आणि मध्यमवर्गीय खरेदीदार शिरले. याला काही जण अपयश म्हणतात, काही जण वाढत्या घराच्या कल्पनेचा स्वाभाविक परिणाम.

संगणकीय साधने : मध्य प्रदेशात इमारत-परवानगीचे नकाशे स्वयंचलित प्रणालीकडून तपासण्याची पद्धत रूढ झाली आहे. वास्तुशिल्पज्ञाला कॅडचे (संगणकावर काढलेले) रेखाचित्र ठरलेल्या थरांत (लेयर) द्यावे लागते: भूखंडाची हद्द एका लेयरवर, बांधकाम दुसऱ्यावर, मोकळी जागा तिसऱ्यावर. प्रणाली क्षेत्रफळे व अंतरे स्वतः मोजते. रेषेची दोन टोके केसाएवढी जरी उघडी राहिली, तरी तिच्या लेखी ती खोली नसते आणि नकाशा परत येतो. त्यामुळे रचना सुचण्याच्या टप्प्यावरच ती तपासणीला सोयीची करण्याकडे कल वाढतो. ओट्यासाठी अशा प्रणालीत सहसा वेगळा थर नसतो. तो एकतर बांधकामात धरला जातो, नाहीतर हद्दीबाहेर असल्यास अतिक्रमण ठरतो.

ड्रोन-मोजणीचीही मर्यादा याच ठिकाणी आहे. एकमेकांवर सत्तर-ऐंशी टक्के चढणारी छायाचित्रे घेऊन, जमिनीवरील नियंत्रण-बिंदूंशी जुळवून काही सेंटिमीटरपर्यंत अचूक नकाशा तयार होतो. पण तो छतांचा नकाशा असतो. छज्ज्याखालचा ओटा, ओट्यावरचे दुकान आणि दोन घरांमधला बोळ सावलीत जातो. अरुंद गल्लीत उपग्रहाचे संकेत भिंतींवरून परावर्तित होऊन येत असल्याने जमिनीवरचे जीएनएसएस (उपग्रहांवरून स्थान ठरवणारे) यंत्रही चुकते, आणि अखेर टोटल स्टेशन (कोन व अंतर मोजणारे यंत्र) किंवा फीत घेऊन माणूस पाठवावा लागतो. जमिनीवरून फिरवायच्या लेझर स्कॅनरने ही उणीव बरीच भरून निघते. रामबाग, नारायणबाग या भागांतील मराठी कुटुंबांच्या जुन्या घरांच्या जागी बहुमजली इमारती येत असताना, चौक, माजघर व लाकडी खांबांची जोडणी नोंदवून ठेवण्यास तो उपयुक्त आहे. स्कॅनमधून लक्षावधी बिंदू मिळतात. त्यांतला कोणता बिंदू तुळईचा आणि कोणता नंतर ठोकलेल्या फळीचा, हे ठरवण्यासाठी जुन्या बांधकामाची माहिती असलेला माणूस लागतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेने प्रतिमा व आराखडे तयार करणारी साधने वास्तुशिल्पज्ञांच्या हाती अलीकडेच आली आहेत. ती मुख्यतः गिऱ्हाईकाला दाखवायची चित्रे व प्राथमिक पर्याय यांसाठी उपयोगी पडतात. सांगाडा, गटार वा जोत्याची उंची ठरवण्याचे काम अजून पूर्वीसारखेच होते.