बंडीची धाव आणि बुलेटचं गाईड

आमची बुलेट चढावर धूर सोडत नव्हती, उतारावर सोडायची. तळेगावजवळचा सत्याग्रही घाट चढताना सायलेन्सर स्वच्छ. उतरताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला आणि खाली सपाटीला पुन्हा पिळला, की मागच्याला निळ्या धुराची आंघोळ. गाडी बाबांची, सत्तरच्या दशकातली. मद्रासला १९५५ पासून बनू लागलेल्या ३४६ सीसीच्या त्या जुन्या घराण्यातली. ७० मिमी व्यासाचं सिलिंडर, ९० मिमीचा पिस्टनचा प्रवास. गावात जो भेटेल तो एकच सांगे, "रिंग-पिस्टन गेले."

मिस्त्रीनं मात्र आधी विचारलं, "सर, चढावर मारते का उतारावर?" उत्तर ऐकून म्हणाला, "मंग वॉल गाईड पाहू पयले."

त्या प्रश्नात सगळं निदान होतं. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की कार्बोरेटरचं दार जवळजवळ बंद होतं, पण उताराच्या जोरावर पिस्टन खालीवर होतच राहतो. हवा ओढायची आहे आणि वाट बंद, म्हणून इनलेटच्या पोकळीत जोरदार निर्वात तयार होतो. व्हॉल्व्हची (हवेची वाट उघडझाप करणाऱ्या झडपेची) दांडी आणि गाईड यांच्यात फट पडलेली असेल, तर हेडवरचं, म्हणजे सिलिंडरच्या झाकणावरचं, ऑइल त्या फटीतून आत ओढलं जातं. चढावर दार उघडं असतं, निर्वात कमी, म्हणून धूरही कमी. रिंगा गेलेलं इंजिन बहुधा उलट वागतं, जोर लावला की धूर ओकतं.

गाईड म्हणजे बोटाएवढी एक नळी. हेडमध्ये घट्ट बसवलेली, आणि तिच्यातून व्हॉल्व्हची दांडी वरखाली सरकते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो. तासाभरात ९० हजार वेळा. (राजदूत नाहीतर जुनी येझदी असती तर हा लेखच झाला नसता. त्या टू-स्ट्रोक, त्यांना हे व्हॉल्व्हच नाहीत.)

एवढ्या येरझाऱ्यांत गाईड झिजतं, पण सारखं झिजत नाही. दांडीच्या डोक्यावर दाब देणारा रॉकर सरळ रेषेत खाली येत नाही, तो बिजागरीवरच्या दारासारखा कमानीत फिरतो. त्यामुळे खाली दाबता दाबता तो दांडीला थोडा कडेलाही रेटतो. दांडी तिरपी होऊन वरच्या आणि खालच्या तोंडाशी घासते, आणि नळी दोन्ही टोकांना घंटेसारखी पसरते. त्यात एअर फिल्टर फाटका असेल आणि काळ्या मातीच्या रस्त्यावर उन्हाळाभर गाडी फिरली असेल, तर धूळ पॉलिश पेपरचं काम करते. नव्या गाईडात इनलेटच्या दांडीभोवती मिलिमीटरचा तीन-चार शतांश भाग मोकळा असतो. माणसाचा केस साधारण सात शतांश जाड. आमच्या गाईडात दांडी डोळ्यांना दिसेल इतकी डुलत होती.

आता खरी गंमत. गाईड हेडमध्ये बसतं कशानं? आटे नाहीत, बोल्ट नाही, डिंक नाही. भोक मुद्दाम गाईडपेक्षा लहान ठेवलेलं असतं. १५ मिमीचं गाईड धरलं, तर फरक साधारण ०.०५ मिमी. लेथवाल्यांच्या भाषेत दोन थाऊ, म्हणजे इंचाचे दोन हजारांश. मोठी वस्तू लहान भोकात घालायची आणि भोकानं ती आवळून धरायची, एवढीच युक्ती.

मागच्या खेपेला एका गॅरेजात आमचं हेड थंडच ठेवून गाईड हातोडीनं ठोकून काढलं होतं आणि नवं ठोकून बसवलं होतं. बुलेटचा सिलिंडर ओतीव लोखंडाचा असला तरी हेड अ‍ॅल्युमिनियमचं. गाईड ओतीव लोखंडाचं, म्हणजे कडक. कडक धातू मऊ धातूतून रेटत नेला, की तो भोकाच्या भिंती खरवडत जातो. आम्ही हेड उघडलं तेव्हा भोकात उभे ओरखडे होते आणि पकड गेलेली होती. मिस्त्रीनं भोक साफ करून मोजलं आणि लेथवाल्याकडून त्या मापाची जरा जाड गाईडं करून आणली.

बसवायची वेळ आली तेव्हा मी म्हणालो, "हेड तापवलं तर भोक आवळणार नाही का? धातू चहूबाजूंनी फुगेल, आतही फुगेल." मिस्त्री हसला. "सर, बंडीची धाव कशी चढवते पाह्यलं नाही का तुमी?"

पाहिलं होतं. आता बंड्यांना, म्हणजे बैलगाड्यांना, रबरी टायर आले, पण लहानपणी लोहाराच्या दारात लाकडी चाक आडवं टाकलेलं असे. त्यावर चढवायची लोखंडी धाव, म्हणजे गोल पट्टा, चाकापेक्षा जराशी लहान. ती गोवऱ्यांच्या गोल आगीत लाल करायची, सांडशांनी तिघांनी उचलून चाकावर टाकायची, लाकूड धुपायला लागलं की भराभर पाणी ओतायचं. चर्रर्र आवाज होऊन धाव आवळायची आणि चाकाचे सगळे सांधे करकचून बसायचे. तापल्यावर भोक लहान होत असतं, तर धाव चढलीच नसती.

भोक मोठं का होतं हे कळायला धाव मनातल्या मनात कापून सरळ पट्टी करा. पट्टी तापवली की लांब होणार. तीच पुन्हा गोल वाकवली तर गोल मोठाच होणार, आणि आतली पोकळीही. शाळेत कडी-गोळ्याच्या प्रयोगात आपण गोळा तापवून तो कडीतून जात नाही एवढं दाखवतो. कडी तापवून दाखवत नाही. मी तरी बावीस वर्षांत नव्हती दाखवली.

एक अंश तापमान वाढलं, की १ मीटर अ‍ॅल्युमिनियम सुमारे ०.०२३ मिमी वाढतं आणि ओतीव लोखंड साधारण त्याच्या निम्मं. हेड ३० अंशांवरून १८० वर नेलं, तर १५ मिमीचं भोक ०.०५ मिमीनं मोठं होतं. गाईड फ्रीझरमध्ये उणे १८ पर्यंत थंड केलं, तर ते सुमारे ०.००८ मिमी आक्रसतं. बेरीज ०.०५८, आणि आपल्याला हवे होते ०.०५. हिशेब जेमतेम जुळतो, म्हणून घाई महत्त्वाची.

हेड सगळीकडून सारखं तापायला हवं. एका बाजूनं टॉर्च मारला तर ते वाकडं होऊ शकतं. मिस्त्रीनं त्यासाठी बेकरी गाठली. पहाटेचे पाव निघून गेल्यावर भट्टी उतरती असते, तेव्हा सोड्यानं धुतलेलं हेड टोस्टच्या ट्रेवर आत गेलं. बेकरीवाल्याची अट एकच होती, "पेट्रोलचा वास आला तर टोस्ट तुम्हीच खायचे." गाईडं तोवर शेजारच्या किराणा दुकानात कुल्फीच्या फ्रीझरमध्ये.

थर्मामीटर नव्हता. मिस्त्री हेडवर पाण्याचे थेंब उडवून पाहत होता. आधी थेंब पसरून हळू उकळला. थोड्या वेळानं पडताक्षणी चर्र होऊन उडून गेला. "हे बराबर. थेंब नाचाले लागला का समजा जास्त झालं, आच काढा." तव्यावर पाणी शिंपडून भाकरीचा अंदाज घेणाऱ्या कुणालाही हे ठाऊक असतं. धातू साधारण २०० अंशांच्या पुढे गेला (पृष्ठभागानुसार थोडं कमी-जास्त), की थेंबाखाली वाफेची गादी तयार होते. थेंब धातूला टेकतच नाही, म्हणून लगेच आटत नाही, तरंगत पळतो. लायडेनफ्रॉस्ट या जर्मन डॉक्टरनं १७५६ साली याचं वर्णन केलं आणि परिणामाला त्याचंच नाव आहे. अ‍ॅल्युमिनियमचं हेड त्यापुढे तापवत राहिलं तर धातूचा कडकपणा उतरू लागतो, म्हणजे मिस्त्रीची खूण शास्त्राला धरूनच होती.

मग सगळं दहा सेकंदांत. हेड लाकडी ठोकळ्यांवर, गाईडावर बर्फाचा पांढरा थर, पायरी असलेली पोलादी सळई, हातोडीचे दोन हलके ठोके. पहिल्याला बोदा आवाज, दुसऱ्याला खणखणीत "टण्". गाईडाचा खांदा हेडला टेकल्याची ती खूण. बर्फ क्षणात विरघळून वाफ झाला. तेवढ्यात गाईड तापून फुगलं होतं आणि आता बोटानं हललंही नसतं.

मला शंका आली, इंजिन चालू झाल्यावर हेड तर तापणारच, मग गाईड सैल होऊन पडत का नाही? कारण भट्टीपाशी गाईड थंड होतं, चालत्या इंजिनात ते हेडपेक्षाही गरम असतं. समजा हेड १५० अंशांवर आणि गाईड २०० वर. भोक ०.०४१ मिमी वाढेल, गाईड ०.०२८. पकड ०.०१३ नं सैल झाली तरी ०.०३७ उरते. ही पकड केवळ धरून ठेवण्यापुरती नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं डोकं ६०० ते ८०० अंशांपर्यंत तापतं, आणि त्याची उष्णता मुख्यतः सीटमधून (व्हॉल्व्ह मिटल्यावर ज्यावर टेकतो त्या बैठकीतून) आणि उरलेली बरीचशी दांडीवाटे गाईडातून हेडला जाते. गाईड सैल म्हणजे ती वाट अडली, आणि व्हॉल्व्ह जळायची तयारी झाली.

पुढचं काम चिकाटीचं. आवळल्यामुळे गाईडचं आतलं भोक किंचित लहान झालेलं असतं, ते रीमरनं, म्हणजे भोक कातणाऱ्या धारदार सळईनं, मापात आणायचं. रीमर एकाच दिशेनं फिरवायचा, बाहेर काढतानासुद्धा उलटा नाही, नाहीतर धार जाते. नव्या गाईडचा मध्य जुन्या मध्यावर तंतोतंत येत नाही, म्हणून सीट पुन्हा कापावी लागते. कटरची सळई नव्या गाईडातच बसते, त्यामुळे सीट आणि गाईड एका मध्यावर येतात. हा खर्च टाळायला लोक नुसती पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासतात. तो पैसा वाया जातो, कारण घासण्यानं तिरपी सीट सरळ होत नाही. कापून झाल्यावर मात्र घासायचंच, व्हॉल्व्हच्या कडेवर अखंड राखाडी कडं उमटेपर्यंत.

रात्री हेड उलटं ठेवून व्हॉल्व्हच्या खळग्यात रॉकेल भरलं. सकाळी व्हॉल्व्हमागच्या दोन्ही वाटांत (पोर्टमध्ये) बोट घालून पाहिलं, कोरडं, म्हणजे सीट गळत नव्हती.

गाडी सुरू झाली तेव्हा पहिली काही मिनिटं पुन्हा निळाच धूर. माझा चेहरा पडला. "सायलेन्सरातलं जुनं ऑइल जळून राह्यलं, थांबा बाप्पा," मिस्त्री म्हणाला. चहा संपेस्तोवर धूर थांबला. पाचशे किलोमीटरला टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हला दाबणाऱ्या भागांमधली फट, पुन्हा तपासायला बोलावलंय, सीट जरा बसली की ती फट कमी होते म्हणून. मी मधल्या रविवारीच घाट उतरून आलो, बायकोला मागे बसवून. तिची ओढणी या वेळी पांढरीच होती.