रजोनिवृत्ती : संप्रेरकाविना लक्षणशमन

रजोनिवृत्तीच्या काळात उद्भवणारी लक्षणे इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके बाहेरून न देता सौम्य करण्याच्या उपायांना संप्रेरकाविना लक्षणशमन म्हणता येईल. सलग 12 महिने पाळी न आल्यास, आणि त्यामागे गर्भारपण, आजार किंवा औषध असे अन्य कारण नसल्यास, रजोनिवृत्ती झाली असे मानतात. भारतीय पाहण्यांत तिचे सरासरी वय 46 ते 47 च्या आसपास, म्हणजे पाश्चात्त्य देशांतील सुमारे 51 वर्षांपेक्षा बरेच लवकरचे आढळते. स्तनाचा कर्करोग झालेल्या, रक्ताच्या गुठळ्यांचा पूर्वेतिहास असलेल्या किंवा यकृताचा गंभीर विकार असलेल्या स्त्रियांना संप्रेरके सहसा देत नाहीत. शिवाय, 2002 मध्ये अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या चाचणीतील संयुक्त संप्रेरकांचा भाग मुदतीपूर्वी थांबवण्यात आल्यापासून, ती घेता येण्याजोग्या अनेक स्त्रियाही त्यांपासून दूर राहू लागल्या.

आयुर्वेदात रज बाराव्या वर्षी सुरू होते आणि पन्नाशीला क्षय पावते, असे सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात म्हटले आहे. अष्टांगहृदयातही हीच वयोमर्यादा येते. सुश्रुतसंहितेच्या काळाविषयी मतभेद आहेत. मूळ भाग इसवी सनापूर्वीचा आणि आजची संहिता नंतरच्या संस्करणातून आलेली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ‘जरापक्व’, म्हणजे वार्धक्याने पिकलेल्या, शरीराची स्वाभाविक अवस्था म्हणूनच तेथे हा उल्लेख आहे. त्यामुळे आज रजोनिवृत्तीसाठी सांगितले जाणारे शतावरीचे कल्प जुन्या ग्रंथांतील या विषयाच्या स्वतंत्र चिकित्सेवर आधारलेले आहेत, असे म्हणणे कठीण आहे. ते शतावरीच्या सामान्य बल्य गुणांचे अलीकडचे उपयोजन दिसते.

लक्षणे कोणाला व किती होतात, हा प्रश्न अधिक वादाचा आहे. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ मार्चा फ्लिंट यांनी 1975 मध्ये राजस्थान व हिमाचल प्रदेशातील राजपूत स्त्रियांविषयी लिहिले की, पाळी गेल्यावर पडद्याची बंधने सुटत असल्याने त्यांच्यात तक्रारी जवळजवळ नव्हत्या. हे प्रतिपादन पुढे फार उद्धृत झाले. कोल्हापूर परिसरातही, पाळीच्या दिवसांत देवघर व स्वयंपाकघरापासून दूर बसण्याची प्रथा पाळणाऱ्या घरांत, पाळी गेलेल्या स्त्रीचा वावर मोकळा होतो, हे खरे आहे. तथापि सामाजिक मोकळीक मिळाली म्हणून शरीराला त्रास होत नाही, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. भारतातील नंतरच्या पाहण्यांत गरम वाफांपेक्षा (अंग एकाएकी तापून घाम फुटण्यापेक्षा) सांधेदुखी व थकवा यांच्या तक्रारी अधिक नोंदवल्या गेल्या असल्या, तरी वाफा येणाऱ्या स्त्रियांची संख्या दुर्लक्ष करण्याजोगी नाही. ‘अंगातनं वाफा येत्यात’ ही तक्रार चुलीपुढे किंवा गुऱ्हाळावर काम करणारी स्त्री वातावरणाच्या उष्म्यात जमा करते, आणि विचारल्याशिवाय सांगत नाही. म्हणून नोंद कमी म्हणजे त्रास कमी असे न मानणारे मत येथे स्वीकारले आहे.

वाफा का येतात याचे स्पष्टीकरण गेल्या काही दशकांत बरेच बदलले. इस्ट्रोजेन कमी होणे हे मूळ कारण असले तरी ते पुरेसे नाही, कारण वाफा येणाऱ्या व न येणाऱ्या स्त्रियांच्या रक्तातील इस्ट्रोजेनमध्ये ठळक फरक आढळत नाही. अमेरिकन संशोधक रॉबर्ट फ्रीडमन यांच्या प्रयोगांनुसार, शरीर घाम न आणता व न थरथरता ज्या तापमानपट्ट्यात स्थिर राहते तो पट्टा वाफा येणाऱ्या स्त्रियांत अतिशय अरुंद होतो, आणि आतील तापमान किंचित वाढले तरी त्वचेकडे रक्त धावते व घाम फुटतो. हा पट्टा अरुंद का होतो, याचा धागा अमेरिकन संशोधक नाओमी रान्स यांच्या मेंदूविषयक अभ्यासातून मिळाला. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागातील किसपेप्टिन, न्यूरोकायनिन-बी आणि डायनॉर्फिन ही रासायनिक संदेशद्रव्ये स्रवणाऱ्या चेतापेशींवरील इस्ट्रोजेनचा अंकुश सुटला की त्या आकाराने वाढतात व अतिक्रियाशील होतात, आणि शेजारच्या तापमान-नियंत्रक केंद्राला उद्दीपित करतात. निरोगी, पाळी सुरू असलेल्या स्त्रियांना न्यूरोकायनिन-बी शिरेतून दिल्यावरही वाफांसारखी लक्षणे उद्भवली, त्यामुळे या मताला बळकटी आली. ही दोन्ही स्पष्टीकरणे परस्परविरोधी न मानता एकाच साखळीचे दुवे मानणे योग्य ठरेल.

या संशोधनातून आलेले फेझोलिनेटंट हे, न्यूरोकायनिन-बी पेशीवर ज्याला जोडले जाते त्या न्यूरोकायनिन-3 ग्राहकाला रोखणारे, औषध 2023 मध्ये अमेरिकेत संमत झाले. यकृताला इजा होण्याचा संभव असल्याने ते घेताना रक्ततपासण्या कराव्या लागतात. त्याआधीपासून नैराश्यावरील काही औषधे अल्प मात्रेत वापरली जातात. त्यांपैकी पॅरॉक्सेटिनला 2013 मध्ये वाफांसाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. मात्र स्तनाच्या कर्करोगावरील टॅमॉक्सिफेन हे औषध घेणाऱ्या स्त्रीला पॅरॉक्सेटिन देऊ नये, कारण टॅमॉक्सिफेनचे क्रियाशील रूप तयार करणारे यकृतातील विकर (एन्झाइम) त्यामुळे रोखले जाते. अशा वेळी नैराश्यावरीलच व्हेनलाफॅक्सिन अधिक सुरक्षित ठरते, पण रक्तदाबावर लक्ष ठेवावे लागते. रात्रीच्या घामाने झोप मोडत असल्यास गॅबापेंटिन हे मुळात अपस्मारावरील औषध झोपताना देतात. मूत्राशयाच्या तक्रारींवरील ऑक्सिब्युटिनिनने वाफा कमी होतात, परंतु तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठता होते आणि उतारवयात स्मरणावर परिणाम होण्याची धास्ती असते.

औषधांशिवायच्या उपायांत बोधात्मक वर्तनोपचार (विचार व वागण्याची पद्धत बदलण्यावर भर देणारा मानसोपचार) व वैद्यकीय संमोहन या दोहोंनाच उत्तर अमेरिकेतील रजोनिवृत्ती संस्थेने 2023 च्या निवेदनात वरच्या श्रेणीचा आधार असल्याचे म्हटले. वर्तनोपचाराने वाफांची संख्या फारशी घटत नाही, त्यांचा जाच घटतो. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण उपायाची परीक्षा केवळ वाफा मोजून केली तर उपयोगी उपाय टाकून दिला जाईल. वजन जास्त असल्यास ते कमी केल्यानेही काही लाभ दिसतो. योगासने, व्यायाम, लयबद्ध श्वसन, ॲक्युपंक्चर यांची शिफारस त्याच निवेदनाने वाफांसाठी केलेली नाही. तरीही एका चाचणीत योगाने निद्रानाशाची तक्रार कमी झाल्याचे दिसले. कोल्हापुरातील रंकाळा तलावाभोवती पहाटे नेमाने चालणाऱ्या स्त्रीला वाफांवर उतारा मिळेलच असे नाही. परंतु हाडे, हृदय, झोप व मन यांसाठी ते चालणे मोलाचे आहे, आणि ते सोडण्याचा सल्ला कोणीही देऊ नये.

आहाराबाबत स्थानिक समजुती पुष्कळ आहेत. तांबडा रस्सा, मिसळ, गरम चहा यांनी वाफ उसळते असा अनेकींचा अनुभव असतो, आणि तसा अनुभव असणारीने ते बेताने खाणे रास्तच आहे. मात्र तिखट सोडल्याने एकूण त्रास कमी होतो याला भक्कम आधार नाही. कोल्हापूर जिल्ह्यात सोयाबीनचे पीक मोठे असले तरी ते मुख्यतः तेलासाठी जाते आणि ताटात क्वचित येते. सोयातील आयसोफ्लेव्होन या इस्ट्रोजेनशी साम्य असलेल्या घटकाचे इक्वॉल या अधिक क्रियाशील द्रव्यात रूपांतर करणारे जिवाणू प्रत्येकीच्या आतड्यात नसतात, हे चाचण्यांचे निकाल विसंगत येण्याचे एक संभाव्य कारण समजले जाते. ब्लॅक कोहोश ही उत्तर अमेरिकेतील वनस्पती व अश्वगंधा यांच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी असल्याने ‘वनस्पती म्हणजे निरुपद्रवी’ हा समज सोडला पाहिजे. नाचणीची गोष्ट वेगळी आहे. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि रजोनिवृत्तीनंतर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने 2020 मध्ये दिवसाला 1200 मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस केली आहे. आंबील किंवा भाकरीने वाफा थांबत नाहीत, पण हाडांच्या झिजेविरुद्ध त्यांचे साहाय्य होते.

योनीच्या कोरडेपणावर संप्रेरकरहित मॉइश्चरायझर नियमितपणे व वंगण संबंधाच्या वेळी वापरतात.

गर्भाशयाची पिशवी काढताना अंडाशयेही काढली गेल्यास रजोनिवृत्ती एकाएकी व तीव्र स्वरूपात येते. ऊसतोडणीच्या हंगामात कोल्हापूरसह पश्चिम महाराष्ट्रात येणाऱ्या बीड जिल्ह्यातील मजूर स्त्रियांमध्ये तरुणपणीच गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणात झाल्याचे उघड झाल्यावर राज्य शासनाने 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. ज्यांची पाळी चाळिशीपूर्वी बंद होते, त्यांच्यासाठी संप्रेरकाविना उपाय हे समतुल्य पर्याय नव्हेत. संप्रेरके देण्यास वैद्यकीय मनाई नसल्यास रजोनिवृत्तीच्या नैसर्गिक वयापर्यंत संप्रेरके देणे हाच सर्वमान्य सल्ला आहे, कारण हाडे व हृदय यांची हानी केवळ लक्षणे शमवल्याने टळत नाही. या स्त्रियांपर्यंत हा सल्ला पोहोचणे सर्वांत निकडीचे आहे. हंगाम संपताच त्या गावी परततात आणि उपचारांत खंड पडतो.

एकदा रजोनिवृत्ती झाल्यावर पुन्हा रक्तस्राव झाल्यास, तो कितीही थोडा असला तरी, ‘पाळी परत आली’ असे समजून घरगुती उपाय करू नयेत. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग नाही ना, याची खात्री सोनोग्राफी व गरज पडल्यास अस्तराच्या नमुन्याच्या तपासणीने करावी लागते. कोल्हापूर जिल्ह्यात यासाठी छत्रपती प्रमिलाराजे शासकीय रुग्णालय म्हणजेच सी.पी.आर. येथील स्त्रीरोग विभागात जाता येते.