फुकट तपासणीला परवाना लागत नाही?

‘डॉक्टर कुठेही डॉक्टरच, परदेशातल्या धर्मादाय दवाखान्यात विनामोबदला सेवा करायला वेगळा परवाना लागत नाही,’ असा मेसेज वर्षानुवर्षे फिरतोय. पैसेच घ्यायचे नाहीत तर आडकाठी कसली, असं कुणालाही वाटेल.

पण परवाना फीसाठी नसतो, उपचारासाठी असतो. पदवी कुठेही गेलात तरी तुमचीच. नोंदणी मात्र ज्या देशाने दिली तिथपुरती. रुग्ण तपासून चिठ्ठी लिहिली, एखादा टाका घातला, की तिथला कायदा लागू झाला. बऱ्याच देशांत पाहुण्या डॉक्टरांना तात्पुरती नोंदणी मिळते, बहुधा ठरावीक दवाखान्यापुरती आणि मुदतीपुरती. त्यासाठी पदवीच्या साक्षांकित प्रती आणि आपल्याविरुद्ध कारवाई चालू नसल्याचं मायदेशच्या वैद्यकीय परिषदेचं, म्हणजे डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या संस्थेचं, पत्र मागतात. हे पत्र ताजं लागतं. इथेच अनेकांचं अडतं. व्हिसाची भानगड आणखी वेगळी.

खात्री करायची तर त्या देशाच्या वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर नोंदणीचे प्रकार वाचा. दवाखान्यालाही सरळ विचारा: आधी आलेल्या डॉक्टरांची नोंदणी कशी झाली होती? उत्तर गुळमुळीत आलं तर परिषदेलाच लिहा. आणि हो, मॉर्फिनसारखी औषधं बॅगेत टाकू नका. त्यांना आयातीची परवानगी वेगळी लागते.