समाजमाध्यमांवरील खासगी आणि व्यावसायिक वावर

फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप यांसारख्या माध्यमांवर घरगुती, मैत्रीचा वावर आणि नोकरी-व्यवसायानिमित्तचा वावर वेगळा राखण्याची पद्धत. माणूस समोर कोण आहे हे पाहून वागतो, ही मांडणी समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९५९ मध्ये केली होती. समाजमाध्यमांवर नेमकी इथेच पंचाईत होते. साहेब, ग्राहक, मावशी आणि शाळूसोबती एकाच पोस्टपुढे येतात. ट्विटरच्या वापरावरील २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अ‍ॅलिस मार्विक आणि डॅना बॉइड यांनी संदर्भांच्या या सरमिसळीची चर्चा केली आहे.

ही फारकत दोन प्रकारे साधली जाते. एक म्हणजे माणसे वेगळी करणे: कामासाठी लिंक्डइन, घरच्यांसाठी दुसरे खाते, किंवा एकाच खात्यावर याद्या. गूगल प्लस या गूगलच्या समाजमाध्यमाने २०११ मध्ये ‘सर्कल्स’ची, म्हणजे ओळखीच्यांचे वेगवेगळे गट करण्याची सोय मुख्य वैशिष्ट्य म्हणून पुढे आणली. पण ओळखीची माणसे गटांत वाटत बसणे हे कंटाळवाणे काम. सहकारी पुढे जिवलग मित्र झाला की यादीही बदलावी लागते. गूगल प्लस ही सेवा २०१९ मध्ये सर्वसाधारण वापरकर्त्यांसाठी बंद झाली. इन्स्टाग्रामने २०१८ मध्ये आणलेली ‘क्लोज फ्रेंड्स’ ही एकच यादी त्यामानाने सुटसुटीत आहे.

दुसरा प्रकार मजकुराला चाळणी लावण्याचा: कोणीही पाहिले तरी चालेल तेवढेच टाकायचे. यात मोकळेपणा जातो, पण भरवशाचा मार्ग हाच. कारण पहिल्या प्रकारातल्या भिंतीला भगदाडे फार. टोपणनावाने, फोटोशिवाय उघडलेल्या खात्याला नेहमीचाच मोबाइल क्रमांक जोडला, आणि कार्यालयातल्या कोणी आपली संपर्कयादी त्या अ‍ॅपला दिली, की ‘तुमच्या ओळखीचे असू शकतात’ या सदरात ते खाते त्याच्यापुढे येऊ शकते. शिवाय आपण काही न टाकताही उघडे पडतो. तापाचे कारण सांगून रजा घेतलेल्याला भाऊ लग्नाच्या वरातीतल्या फोटोत टॅग करतो. सेटिंग बदलेपर्यंत तो फोटो पाहून झालेला असतो. स्क्रीनशॉटपुढे तर कोणतीच सेटिंग पुरत नाही. परिचयात ‘मते वैयक्तिक’ असे लिहिण्याचा प्रघात आहे. वाचणाऱ्याने ते मानलेच पाहिजे असे मात्र नाही.

नोकरी देणाऱ्यांच्या डोकावण्यावर काही ठिकाणी कायद्याने बंधन आहे. कर्मचाऱ्याकडे वा उमेदवाराकडे खासगी खात्याचा पासवर्ड मागण्यास अमेरिकेतील मेरीलँड राज्याने २०१२ मध्ये मनाई केली. पुढे इतर अनेक राज्यांनी तसे कायदे केले. सर्वांना दिसणारा मजकूर वाचण्याला अशा मनाईचा अडसर नसतो.

कलावंत, पत्रकार, छोटे व्यावसायिक यांच्याबाबतीत ही फारकत बऱ्याचदा परवडत नाही, कारण ग्राहक त्यांच्याशी जोडला जातो तोच त्यांच्या व्यक्तिमत्त्वामुळे. त्यांच्यापैकी अनेक जण कामाविषयी सगळे सांगतात, मुलांचे चेहरे आणि घराचा पत्ता तेवढा वगळतात.