कोलटार सीलकोट आणि त्यावरील निर्बंध

वाहनतळ, आवारातल्या वाटा, शाळेचे पटांगण अशा डांबरी पृष्ठभागांवर फासला जाणारा काळा, चकचकीत लेप म्हणजे सीलकोट. तो खनिज तेलापासून मिळणाऱ्या बिट्युमेनचा असतो, किंवा दगडी कोळशापासून कोक बनवताना निघणाऱ्या कोलटारचा. दोन्ही दिसतात सारखेच. मात्र कोलटारच्या लेपात पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन (पीएएच) हे विषारी घटक सुमारे हजारपट असतात. कोलटार पिच (कोलटारच्या ऊर्ध्वपातनानंतर उरणारा घट्ट अंश) मानवात कर्करोग घडवते, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे वर्गीकरण आहे.

टायरांखाली लेप झिजतो, त्याची भुकटी पावसाबरोबर नाल्यात जाते आणि चपलांना चिकटून घरातही येते. कोलटार लावलेल्या वाहनतळाशेजारच्या घरांतील धुळीत पीएएचचे प्रमाण इतर वाहनतळांशेजारच्या घरांच्या सुमारे २५ पट आढळल्याचे अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१० मध्ये नोंदवले. रांगणारे मूल ही धूळ हातातून तोंडात घालते, म्हणून हा प्रश्न केवळ नाल्या-नद्यांतील माशांचा नाही.

पहिली बंदी टेक्सासमधील ऑस्टिन शहराने २००५ मध्ये घातली. पुढे तेथील तलावाच्या गाळात पीएएच निम्म्याहून अधिक घटले. वॉशिंग्टन राज्याने २०११ मध्ये तोच मार्ग धरला.

गोव्यात रस्ते व आवारांची डागडुजी मिरगापूर्वी उरकली जाते. त्यानंतर चार महिन्यांत वर्षातला बहुतेक पाऊस, सुमारे तीन हजार मिलिमीटर, पडतो. पणजीचे पाणी सांतिनेज खाडीतून मांडवीला मिळते, मडगावचे साळ नदीला. पीएएच पाण्यात फारसे विरघळत नाहीत, गाळाला चिकटतात. त्यामुळे पिण्याच्या पाण्यासाठीची ०.०००१ मिलिग्रॅम प्रतिलिटर ही भारतीय मर्यादा नदीच्या पाण्याने पाळली, तरी तळाचा चिखल दूषित असू शकतो. तिसऱ्या, खुबे ही शिंपली याच चिखलाच्या आधाराने वाढतात, आणि शिंपल्यांच्या शरीरात पीएएचचे विघटन माशांच्या तुलनेत फार कमी होते. खाजनांतही (खाडीकाठच्या, बांध घातलेल्या सखल जमिनींत) भरतीबरोबर हाच गाळ शिरतो. म्हणून तपासणी पाण्यापेक्षा गाळाची आणि शिंपल्यांची व्हायला हवी.

साचलेला गाळ उपसून शुद्ध करणे अतिशय खर्चिक, लेप न वापरणे सोपे. सरकारी निविदांत कोलटारला मनाई आणि खासगी संकुले व हॉटेलांनाही तोच नियम, ही निर्बंधाची किमान रूपरेषा ठरते. बिट्युमेन किंवा ॲक्रिलिकचे लेप हे पर्याय आहेत. पुष्कळ ठिकाणी लेपाची गरजच नसते. खरेदीपूर्वी सुरक्षा माहितीपत्रकात ६५९९६-९३-२ हा क्रमांक शोधावा. तो कोलटार पिचचा रासायनिक नोंदणी क्रमांक आहे.