ट्रायलला ‘ओके’ लिहिण्याआधी
फुल डेंचरचं (पूर्ण कवळीचं) काम आमच्या लॅबला पाठवणाऱ्या डॉक्टरांसाठी

“डेंचर घट्ट बसतंय, पण बाईट जुळत नाही.” म्हणजे वरचे-खालचे दात नीट एकमेकांवर मिटत नाहीत. हा फोन नेहमी डिलिव्हरीच्या दिवशी येतो, म्हणजे मेणाचं ॲक्रिलिक झाल्यावर. चूक मात्र बहुतेक वेळा जॉ रिलेशनमध्ये (दोन्ही जबड्यांचा मेळ मेणावर नोंदताना) झालेली असते आणि ट्रायलला (मेणात लावलेले दात तोंडात घालून बघताना) ती कमी खर्चात पकडता आली असती. म्हणून हे पत्रक मुख्यतः त्या दोन अपॉइंटमेंटबद्दल आहे.

इम्प्रेशनबद्दल थोडक्यात. पेशंट जुनी कवळी वापरत असेल, तर फायनल इम्प्रेशनआधी किमान २४ तास ती काढून ठेवायला सांगा, नाहीतर दबलेल्या हिरड्यांचंच माप येतं. अल्जिनेट (माप घेण्याचा ओला पदार्थ) घेतलं तर १०-१५ मिनिटांत क्लिनिकमध्येच ओता आणि आम्हाला कास्ट (हिरड्यांची प्लास्टरची प्रतिकृती) पाठवा. ओल्या कापसात गुंडाळून एसटीनं आलेलं अल्जिनेट पाणी शोषून फुगलेलं असतं, नाहीतर सुकून आकसलेलं. आम्ही ते ओततो, पण त्यावर केलेल्या ट्रेची जबाबदारी घेत नाही. स्पेशल ट्रेच्या (पेशंटच्या मापानं केलेल्या ट्रेच्या) कडा सल्कसपासून (हिरडी ओठाला-गालाला मिळते त्या खोबणीपासून) २ मिमी आखूड असतात त्या मुद्दाम, ग्रीन स्टिकला (कडा घडवायच्या मऊ होणाऱ्या कांडीला) जागा मिळावी म्हणून. ‘ट्रे लहान आलाय’ हा फोन त्यामुळे कृपया करू नका.

आता जॉ रिलेशन. आमचा वरचा रिम (दातांच्या जागी बेसवर, म्हणजे हिरडीवर बसणाऱ्या तळावर, लावलेला मेणाचा कठडा) पुढच्या बाजूला सल्कसपासून साधारण २२ मिमी आणि खालचा १८ मिमी उंच असतो. ही सरासरी आहे, तुमच्या पेशंटचं माप नव्हे. रेस्टला (जबडा सैल असताना) नाक-हनुवटी अंतर मोजा, त्यातून २ ते ४ मिमी वजा करा आणि रिम तेवढे उतरवा किंवा वाढवा. उंची बहुतेक डॉक्टर नीट घेतात. घोळ होतो तो जबडा पुढे-मागे होण्यात.

बरीच वर्षं दात नसलेला माणूस पुढच्या हिरड्यांनीच चावायला शिकलेला असतो. त्याला “चावा” म्हटलं की जबडा पुढे येतो आणि तोच बाईट सील होतो. आम्ही त्यावर दात लावतो, आर्टिक्युलेटरवर (जबड्यासारख्या हलणाऱ्या यंत्रावर) सगळं सुरेख जुळतं. तोंडात मात्र जबडा सैल सुटून मागे जातो, मागचे दात आधी टेकतात आणि पुढे फट राहते. म्हणून “चावा” हा शब्दच टाळा. वरच्या बेसच्या मागच्या कडेला मेणाची छोटी गोळी लावा, जिभेचं टोक तिला लावून हळू मिटायला सांगा. पाच-सहा वेळा सराव झाल्याशिवाय रिम जोडू नका.

दुसरं कारण सहज दिसत नाही. रिम पुढे छान भिडलेले असतात, पण मागे ट्युबरॉसिटीवरचा आणि रेट्रोमोलर पॅडवरचा (वरच्या आणि खालच्या हिरडीच्या मागच्या टोकांवरचा) बेस एकमेकांवर टेकलेले असतात. मग खालचा बेस पुढून उचलला जातो आणि बाईट तसाच तिरका नोंदला जातो. आरसा घालून बघा, तिथे फट हवीच. तापवलेल्या पिनांनी जोडत असाल तर दोन्ही बाजूंना लावा. मिडलाइन, कॅनाइन (सुळ्यांची) लाइन आणि हाय लिप लाइन (हसताना वरचा ओठ जिथवर जातो ती) कोरून द्या. पाठवण्याआधी जोडलेले रिम कास्टवर पूर्ण बसतात का ते पाहा. आणि एप्रिल-मेमध्ये पार्सल गाडीच्या डिकीत ठेवू नका, मेण आहे ते.

ट्रायलला पेशंटच्या हातात आरसा सगळ्यात शेवटी द्या. आधी बाईट. खालचं डेंचर बोटांनी धरून जबडा मागे न्या, पहिला स्पर्श झाला की थांबवा. तिथून पुढे दात घसरले किंवा बेस हलला, तर बाईट चुकलेला आहे. दोन्ही बाजूंना सेलोफेनची पट्टी धरून ओढा, पकड सारखी लागली पाहिजे. मग साठ ते सत्तर आकडे म्हणायला लावा, दात खटखटले तर उंची जास्त आहे. दातांची लांबी ‘फ’वरून (वरचे दात खालच्या ओठाला कसे टेकतात ते पाहून) ठरवणाऱ्यांना एक सूचना: आपल्याकडचे कित्येक आजी-आजोबा ‘फ’ दोन्ही ओठांनी म्हणतात, तेव्हा ‘व’ ऐका.

बाईट चुकला असेल तर खालचे मागचे दात काढा, त्या जागी मेण लावून नवा बाईट घ्या आणि पाठवा. रीमाउंट (कास्ट पुन्हा आर्टिक्युलेटरवर चढवणं) आणि दुसरी ट्रायल आम्ही विनाशुल्क करतो.

क्युअरिंगनंतर (ॲक्रिलिक तापवून कडक झाल्यावर) हे शक्य नसतं. लॅब रीमाउंटला आम्ही ग्राइंडिंग करतो, पण त्यानं प्रोसेसिंगमधला थोडा फरक निघतो, जबड्याचा चुकलेला बाईट नाही. तो घासून जुळवायला गेलं तर कस्प (दातांवरचे उंचवटे) सपाट होतात. दात काढून पुन्हा लावायचे तर बेस दुसऱ्यांदा तापतो, वाकतो, आणि खर्च जवळपास नव्या डेंचरइतका येतो.

ट्रायल ओके झाल्यावर आम्ही चार दिवस मागतो, यावर काही डॉक्टर नाराज असतात. दुसऱ्या दिवशी देणाऱ्या लॅब आहेत, आम्हाला ठाऊक आहे. आम्ही ॲक्रिलिकची पावडर-लिक्विड ३:१ घेऊन डो स्टेजला (मिश्रण कणकेसारखं झालं की) पॅक करतो, ७४ अंश सेल्सियसला ८-९ तास ठेवतो आणि फ्लास्क (साच्याचा डबा) आपोआप थंड होऊ देतो. घाईनं उकळलं तर मोनोमर (तेच लिक्विड) आतच उकळतो आणि जाड भागात छिद्रं पडतात. गरम फ्लास्क पाण्यात टाकला तर बेस वाकतो. पॉलिश केलेल्या डेंचरवर दोन्ही दोष पहिल्या दिवशी दिसतीलच असं नाही.

ट्रायलला मुलगी, सून, ज्यांचं मत घरात चालतं त्यांना बोलवा. शेड आणि दातांचा आकार त्यांनी तेव्हाच बघावा. वर्क स्लिपवर ‘बाईट तपासला’ या रकान्यात आपली सही हवी, ती नसेल तर आम्ही फ्लास्किंगआधी फोन करतो. तयार डेंचर पाण्याच्या पिशवीत येईल. पेशंट येईपर्यंत ते पाण्यातच ठेवा.